पाऊण तासाची शर्यत

आमच्या घरात कॉम्प्युटर आला तो रिकामा आला. औरंगपुऱ्यात एका जिन्याखालच्या दुकानात आप्पांनी तो जोडून घेतला होता. दुकानदारानं शेवटचा स्क्रू आवळला आणि रिवाजाप्रमाणं विचारलं, "विंडोज टाकून देतो साहेब. वरून मराठी फॉन्ट, पोरांसाठी चार गेम. त्याचं काही लावत नाही."

आप्पा म्हणाले, "त्याची पावती भेटंल?"

दुकानदार हसला. त्याला वाटलं, गिऱ्हाईक गंमत करतंय. "त्याची कशाची पावती साहेब? सगळेच टाकून घेतेत."

"मग नगं. ज्याची पावती नाय ते घरात नाय."

मी तेव्हा एकोणीस वर्षांची, बी.एस्सी. कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि दुकानातल्या त्या तीन मिनिटांत मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. खऱ्या विंडोजची किंमत ऐकून आप्पांनी नुसती मान हलवली. डबा, पडदा आणि की-बोर्ड रिक्षात घालून आम्ही घरी आलो, पूजा झाली, आईनं कुंकू लावलं, आणि बटण दाबल्यावर काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ लुकलुकत राहिली. माझा भाऊ मन्या सहावीत होता. तो म्हणाला, "ताई, बैल आणला पण वेसण राहिली दुकानात."

आप्पांचं वागणं कळायला त्यांची नोकरी कळायला हवी. ते वजनमापे निरीक्षक होते. आठवड्यातले तीन-चार दिवस लासूर स्टेशनपासून अजिंठ्यापर्यंतच्या बाजारांत फिरायचे. सोबत आतून मखमल लावलेली लाकडी पेटी असायची आणि तीत पितळेची सरकारी वजनं. ती चिमट्यानंच उचलायची. बोटाचा घाम लागला तरी वजन चुकतं, असं ते आम्हाला सांगत. एखाद्याचा काटा खोटा निघाला की आप्पा चहाचा घोटही न घेता खटल्याचा कागद करायचे. खरा निघाला की शिक्का मारून वहीच्या शेवटच्या रकान्यात, म्हणजे 'शेरा' या रकान्यात लिहायचे, "तपासले. बरोबर आहे." याहून जास्त कौतुक त्यांनी कुणाचं केल्याचं मला आठवत नाही. माझा बारावीचा निकाल लागला तेव्हा त्यांनी गुणपत्रिकेवरची बेरीज दोनदा करून पाहिली आणि "बेरीज बरोबर हाय" म्हणून कागद परत दिला. मैत्रिणींचे वडील पेढे वाटत होते.

घर बीड बायपासच्या पलीकडं होतं. आता तिथं इतकी दाटी आहे की मला माझी गल्ली विचारत जावं लागतं, पण तेव्हा फक्कीच्या रेघा मारलेले प्लॉट, मध्ये बाभळी आणि आमची चौदा घरं. दर महिन्याला कुणाचा तरी नवा पाया खणला जायचा. महापालिकेची पाइपलाइन यायची होती, ती आम्ही तिथं राहिलो तोवर यायचीच होती. वर पाऊस रुसलेला. लासूरच्या आमच्या वाटणीच्या रानात काकांनी मोसंबीची झाडं तोडून सरपण केलं ते याच काळात. चौदा घरांत मिळून एक बोअर, ती आमच्या कंपाउंडच्या भिंतीला लागून. प्रत्येक घराला एक दिवसाआड पाऊण तास मोटार, आणि मोटारीच्या पेटीची किल्ली समोरच्या सोनवणेकाकूंच्या कमरेला. लोडशेडिंगनं दिवसातले बरेच तास वीज नसायची, त्यामुळं वीज आली रे आली की मोटार घुर्र करायला लागायची आणि काकू गल्लीत उभ्या राहून पुढच्या नंबराला हाक मारायच्या. आई पाणी पळीतल्या तेलासारखं वापरायची. वरणाऐवजी पिठलं, कारण त्याला पाणी कमी. आमटी केलीच तर येसराची, भाजून दळलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, म्हणजे भांडं एकच खराब होतं. तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला, भाजी धुतलेलं पाणी फरशीला.

रिकाम्या कॉम्प्युटरला वेसण मिळाली ती रद्दीच्या दुकानात. एका जुन्या कॉम्प्युटर मासिकाला लिनक्सची सीडी चिकटवलेली होती. मी ती घरी आणली तेव्हा आप्पांनी ती माझ्या हातातून काढून घेतली आणि तिच्यासोबतचा परवान्याचा इंग्रजी मजकूर तीन संध्याकाळ शब्दकोश घेऊन वाचला. चौथ्या दिवशी जेवताना म्हणाले, "म्या वाचलं समदं. यात लिव्हलंय की वापरा, उघडून बघा, दुसऱ्यालाही द्या. असा कागद म्या नोकरीत नाय बघितला. टाक."

टाकलं. पत्रं लिहिता येऊ लागली, माझे कॉलेजचे प्रोग्रॅम चालू लागले. मन्याला त्याचं काय? पुण्याच्या मामानं त्याला वाढदिवसाला मोटारींच्या शर्यतीचा गेम पाठवला होता, अगदी खरा, खोक्यासकट आणि पावतीसकट. खोक्यावर स्वच्छ लिहिलं होतं की याला विंडोज लागतं. तो खोका मन्या उशाशी घेऊन झोपायचा. गल्लीत तीन घरांत कॉम्प्युटर होते, तिन्हींत दुकानदाराच्या कृपेनं सगळं होतं. एकदा क्रिकेट खेळताना मन्याचा दोस्त समीर म्हणाला, "तेरे घर में विंडोजच नै. डब्बा चाटता क्या रोज?" आमचं रक्त गरम. मन्या म्हणाला, "आमच्याकडं त्याच्याशिवाय चालतो गेम. माझ्या ताईनं चालवलाय. रविवारी पाच वाजता या समदे." रविवार अकरा दिवसांवर होता आणि ताईला यातलं काहीच माहीत नव्हतं.

त्या रात्री कळल्यावर मी त्याला झोडपायला हवं होतं. पण तो जेवताना खाली मान घालून म्हणाला, "तुला येतं की, ताई," आणि मी फसले. आपल्यावर असा विश्वास टाकणारं माणूस घरात असलं की आपण उगाच शहाणे होतो.

दुसऱ्याच दिवशी कॉलेज सुटल्यावर मी औरंगपुऱ्यातल्या एका नेट कॅफेत गेले. तिथं कळलं की विंडोजसाठी लिहिलेला गेम लिनक्सवर चालवायचा तर मध्ये एक दुभाषी प्रोग्रॅम बसवावा लागतो. गेम आपल्या भाषेत काही मागतो, दुभाषी ते लिनक्सच्या भाषेत सांगतो आणि उत्तर परत आणून देतो. आप्पांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हंजे निजामाच्या कचेरीतला कारकून. रयतेचं मराठी ऐकायचं आन् साहेबाला उर्दूत सांगायचं. आपले पणजोबा तेच करत व्हते." त्यांना त्या प्रोग्रॅमबद्दल एकदम आपुलकी वाटू लागली.

मी एक वही केली. आप्पांच्या वहीसारखेच रकाने आखले: दिनांक, काय केलं, दोष, शेरा. पहिल्या दिवशी दोषाच्या रकान्यात लिहिलं, "सुरूच होत नाही." दुसऱ्या दिवशी, "सुरू होतो, आवाज नाही." तिसऱ्या दिवशी आवाज आला, पण इंजिनाऐवजी जात्यावर खडे दळल्यासारखा. कॅफेतून मी त्या दुभाष्यावर काम करणाऱ्या लोकांच्या ई-मेल यादीला, म्हणजे एक पत्र टाकलं की सगळ्यांना पोचतं अशा पत्त्यावर, इंग्रजीत पत्र लिहिलं. मराठी माध्यमातलं इंग्रजी, "रिस्पेक्टेड सर" पासून "युवर्स फेथफुली" पर्यंत. कुठल्याशा थंड देशातल्या एका माणसानं उत्तर पाठवलं आणि आवाज सुधारला. मग गेम सुरुवातीच्या चित्रफितीपाशी अडकायला लागला. याचं उत्तर त्या लोकांपाशीही नव्हतं. ते मला माझंच सुचलं, चौकात वडापावची वाट बघताना: चित्रफितीच्या फाइलचं नावच बदललं तर गेमला ती सापडणार नाही आणि तो पुढं जाईल. घरी येऊन बदललं, आणि पडद्यावर लाल मोटार उभी राहिली. आई स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी आली आणि म्हणाली, "ही कुणाची गाडी?" तो उपाय मी यादीला कळवला. उत्तरात त्या माणसानं लिहिलं की हे आम्ही इंटरनेटवरच्या या गेमच्या माहितीच्या पानात घालतोय, नाव काय लिहू? माझं नाव आणि औरंगाबाद, असं तिथं लागलं.

तोवर सहा दिवस गेले होते. मी हवेत होते. आणि सातव्या दिवसापासून कॉम्प्युटर मध्येच बंद पडू लागला. शर्यत रंगात आली की पडदा काळा आणि यंत्र पहिल्यापासून सुरू. पत्र लिहिताना, प्रोग्रॅम करताना कधी पडत नसे. फक्त गेम चालू असताना. म्हणजे दोष दुभाष्यात, हे उघडच होतं. मी एकेक गोष्ट बदलत गेले, चांगलं चाललेलंही बिघडवून ठेवलं. कॉलेजातल्या सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लिनक्सवर गेम? तो सर्व्हरचा माल आहे, खेळण्याचा नाही." पत्राला यादीवरून उत्तर आलं की आमच्याकडं कुणाचंच असं बंद पडत नाही. ते वाचून मला रडू आलं, आणि ते कॅफेतच आलं.

गुरुवारी आईला मन्याच्या दप्तरात एक सीडी सापडली. वर स्केचपेननं लिहिलं होतं, विंडोज. समीरनं दिली होती. आई मला हळूच म्हणाली, "टाकून दे की. रविवार झाला की काढून टाक. त्यांना कुठं कळायलंय?" माझी आई कधी खोटं बोललेली मी ऐकलं नव्हतं, तिला पोराचं तोंड बघवत नव्हतं इतकंच. मी सीडी हातात घेतली. टाकली नाही, असं म्हणायला मला आवडेल. खरं असं की मी ती खाचेत सरकवली होती आणि तेवढ्यात आप्पा फिरतीवरून आले.

त्यांनी सीडी बघितली, खाचेतून काढली, मन्याच्या दप्तरात परत ठेवली आणि म्हणाले, "ज्याची त्याला दे." मग हातपाय धुवायचा अर्धा तांब्या वापरून झाल्यावर माझ्या शेजारी खुर्ची ओढली. "कधी बंद पडायलंय?"

"कधीपण. भरवसाच नाही त्याचा."

"कधीपण असं काय नसतंय. वहीत वेळ कुठं लिव्हलीय?"

वेळेचा रकाना मी आखलाच नव्हता. आप्पांनी पेन घेऊन तो आखला. वजन चुकलं तर दुकानदार मालाला बोल लावतो, निरीक्षकानं आधी काटा तपासायचा, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. शुक्रवारी त्यांनी हक्काची रजा टाकली. वीज आल्यापासून ते मनगटी घड्याळ काढून मांडीवर ठेवून बसले आणि मला गेम खेळत राहायला सांगितलं. बंद पडला की मिनिट लिहायचे. चार वाजून एक. चार सेहेचाळीस. पाच एकतीस. तिसऱ्यांदा लिहून झाल्यावर त्यांनी पेन ठेवलं आणि खिडकीबाहेर बघितलं. बाहेर सोनवणेकाकू पुढच्या नंबराला हाक मारत होत्या.

मोटार. दर पाऊण तासानं नंबर बदलायचा, मोटार बंद होऊन पुन्हा सुरू व्हायची आणि सुरू होताना आमच्या घरची वीज ओढून घ्यायची. ट्यूब फडफडायची, पंखा मंदावायचा. हे आम्ही दोन वर्षं रोज बघत होतो आणि बघून बघून आम्हाला ते दिसेनासं झालं होतं. पत्र लिहिताना कॉम्प्युटर तेवढं सोसायचा. गेममध्ये सगळा जीव लावून पळताना त्याला ते सोसवत नसे. पहिले सहा दिवस बोअरची मोटार जळाली होती आणि चौदा घरं टँकरवर होती. म्हणून त्या सहा दिवसांत कॉम्प्युटर एकदाही मध्येच बंद पडला नव्हता. त्या थंड देशातल्या माणसाला हे कुठून सुचावं? आणि मला का सुचू नये?

दोष ना गेममध्ये होता, ना लिनक्समध्ये, ना माझ्या कामात. मला इतकं हलकं वाटलं की मी हसत सुटले. पण मन्या घड्याळाकडं बघत होता. रविवारी दुपारनंतर वीज चार ते सात एवढीच होती. त्या तीन तासांत मोटार चार घरांसाठी चार वेळा सुरू होणार. पोरं पाचला येणार आणि साडेपाचला, ऐन शर्यतीत, मोटार पुन्हा सुरू होणार. साडेपाच ते सव्वासहा कुणाचा नंबर?

"आपला," आई म्हणाली.

एक दिवसाआड मिळणारं पाणी. तेही सोडलं तर थेट मंगळवार. घरात दीड हंडा शिल्लक. त्यात आप्पांचा स्वभाव असा की कुणापाशी शब्द टाकायचा नाही. निरीक्षकानं कुणाचे उपकार घेऊ नयेत. मी म्हणाले, पोरांना चहापाणी करून परत पाठवू. मन्या म्हणाला, "चालंल." तो 'चालंल' मला आजही ऐकू येतो.

आई उठली, डोक्यावर पदर घेतला आणि सोनवणेकाकूंच्या दारात गेली. आम्ही खिडकीतून ऐकत होतो. "काकू, रविवारी आमच्या नंबराला मोटार लावू नका. बंदच ऱ्हाऊ द्या पाऊण तास. पाणी बोअरमधीच ऱ्हाईल, तुमच्या नंबराला जास्त येईल."

"काय झालं वो?"

"पोरानं शब्द दिलाय," आई म्हणाली.

रविवारी पाचला आठ पोरं आली. आईनं धपाटे केले होते. हातात धरून खायचे, ताटल्या धुवायला नकोत. समीर सगळ्यांत पुढं बसला आणि आधी पडद्याचा कोपरा न् कोपरा न्याहाळला, कुठं विंडोज लपवलंय का ते. मी गेम सुरू केला. चित्रफितीवरून उडी मारून लाल मोटार आली. आवाज खणखणीत. आळीपाळीनं एकेक पोरगं खेळलं, मोटारी आपटल्या, उलटल्या, कुणी रस्ता सोडून शेतात घातली. पंखा एका लयीत फिरत होता. आप्पा दाराशी घड्याळ हातात घेऊन उभे होते. शेवटची शर्यत मन्या आणि समीर यांची, एकाच की-बोर्डावर दोघं. सव्वासहा व्हायला दोन मिनिटं होती आणि दारात सोनवणेकाकू येऊन उभ्या राहिल्या, कमरेची किल्ली हातात. पुढचा नंबर त्यांचाच होता. आप्पांनी मला खूण केली, बंद कर. काकू पडद्याकडं बघत होत्या. "ऱ्हाऊ द्या, भाऊसाहेब," त्या म्हणाल्या. "संपू द्या तेवढं. पाणी कुठं पळून चाललंय."

मन्या हरला. समीर अर्ध्या मोटारीनं जिंकला आणि उठून माझ्याकडं वळला. "दीदी, मेरे घर में ये मोड पे अटकता. इधर नै अटक्या." मग जरा थांबून म्हणाला, "वो सीडी मेरेको भी देना. वो मुफत वाली."

आप्पा म्हणाले, "घेऊन जा. वाटायची परवानगी हाय तिला."

संध्याकाळी काकूंनी दोन भरलेले हंडे आमच्या ओट्यावर आणून ठेवले. त्यांच्या नंबराला खरंच जास्त पाणी आलं होतं.

आज माझ्या मुलीच्या हातात पुस्तकाएवढं खेळायचं यंत्र असतं. त्याच्या पोटात लिनक्स आहे, आणि विंडोजचे मोठमोठे गेम त्यावर असे पळतात की तिला दुभाष्याचा पत्ताही नसतो. चांगल्या दुभाष्याचं तेच लक्षण. मी पुढं आयुष्यभर सॉफ्टवेअर तपासण्याची नोकरी केली; बापाचाच धंदा, फक्त पेटी वेगळी. त्या गेमच्या माहितीत चित्रफितीचा उपाय अजून आहे, आणि खाली माझं नाव आणि माझ्या गावाचं जुनं नाव. मुलीला मी ते दाखवलं तेव्हा माझी मान ताठ होती, हे कबूल करते.

पण मला अभिमान आहे तो त्या पानाचा नाही. सोमवारी सकाळी आप्पा ऑफिसच्या कपड्यांत कॉम्प्युटरसमोर बसले आणि म्हणाले, "लाव ते." मी म्हणाले, काल बघितलात की. "बघितलं. तपासलं नाय." चष्मा पुसून त्यांनी लाल मोटार हाकली. रस्त्याच्या डाव्या बाजूनं, वळणावर हळू, मागून येणाऱ्या प्रत्येक गाडीला वाट देत. सगळ्या गाड्या कधीच्या पोचल्या होत्या. आप्पांनी तीनही फेऱ्या पूर्ण केल्या आणि रेघेपाशी मोटार नीट उभी केली. ऑफिसला उशीर होत होता. मग माझी वही मागून घेतली, सगळी पानं वाचली आणि शेवटच्या ओळीशी आले. शेऱ्याचा रकाना मी अकराही दिवस मोकळा ठेवला होता. खिशातलं पेन काढून त्यांनी तिथं लिहिलं, "तपासले. बरोबर आहे," आणि खाली सही केली, पूर्ण नावाची, हुद्द्यासकट.